आकडे बघितल्याशिवाय नाव सांगू नये

पक्ष्याच्या शवविच्छेदनाच्या अहवालात ‘आतड्यात पट्टकृमी आढळले’ एवढं एक वाक्य लिहून फाईल बंद केलेली मी कित्येकदा पाहिली आहे, आणि दर वेळी जीव चडफडतो. पट्टकृमी म्हणजे आतड्यात राहणारे फितीसारखे चपटे जंत. पण कुठले पट्टकृमी? ‘तलावावर पक्षी दिसले’ एवढीच नोंद करणाऱ्याला आपण पक्षीनिरीक्षक म्हणत नाही. मग शेकाट्याच्या पोटात सापडलेल्या जिवाला नाव न देताच मोरीत ओतून देणं कसं चालतं?

मी पशुवैद्य आहे. माहेर मिठागरांच्या पट्ट्यातलं, त्यामुळे शेकाटे, टिलवे, तुतवार, चिखले हे पक्षी शाळेत जाता-येता बघितलेले. पुढे शिक्षण झालं, परजीवींच्या प्रयोगशाळेत आले आणि तेच पक्षी बर्फाच्या डब्यातून टेबलावर यायला लागले. कुणी विजेच्या तारेला धडकलेला, कुणी मांज्यात पंख कापलेला, कुणी नुसताच किनाऱ्यावर सापडलेला. एक गोष्ट आधीच सांगते, कारण लोक विचारतात. यांतला एकही पक्षी आम्ही मारलेला नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्याखालचा मेलेला पक्षीसुद्धा परस्पर उचलून चिरता येत नाही. वनविभागाचं पत्र आल्याशिवाय आमच्याकडे कात्री हातात घेतली जात नाही.

आज एका शेकाट्याबद्दल लिहायचं आहे. लांब गुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा, सगळ्यांना ठाऊक असलेला पक्षी. उपचार केंद्रात आणल्यावर काही तासांतच तो गेला, आणि तिथल्या मुलीने सगळ्यांत शहाणपणाचं काम केलं. तिने त्याला फ्रीझरमध्ये न ठेवता बर्फात ठेवून लगेच आमच्याकडे पाठवलं. पक्षी मेला की पट्टकृमीही काही तासांत विरघळायला लागतो. आणि गोठवला तर वितळताना त्याची त्वचा सुटते, डोक्यावरचे आकडे, म्हणजे आतड्याला पकडून राहण्याचे बारीक वाकडे काटे, गळून पडतात. आकडे गेले की ओळखही निम्मी गेली.

आतडं पोटातून काढलं की आधी त्याचे भाग वेगळे करायचे. सुरुवातीचा, मधला, शेवटचा, आणि दोन आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पिशव्या. प्रत्येक भाग वेगळ्या बशीत, मिठाच्या सौम्य द्रावणात. कुठला कृमी आतड्याच्या कुठल्या भागात बसला होता हीसुद्धा माहिती असते, सगळं एकत्र केलं की ती कायमची हरवते. मग लहान कात्रीने आतडं उभं उघडायचं. पांढरट फीत दिसली की नवशिक्याचा हात आपोआप चिमट्याकडे जातो. आमच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम केलेले एक काका होते, ते मागे उभे राहून फक्त एवढंच म्हणायचे, “मॅडम, ओढायचं नाही. तो सुटेल त्याच्या वेळेला.” गवत उपटताना पाला हातात येतो आणि मूळ जमिनीत राहतं, तसंच होतं हे. लांबच्या लांब फीत हातात येते आणि टाचणीच्या टोकाहून लहान असलेलं डोकं आतड्याच्या अस्तरात रुतून राहतं. आपल्याला हवं असतं ते नेमकं तेच.

म्हणून बशी थंड जागी ठेवून द्यायची आणि वाट बघायची. बऱ्याचदा कृमी आपण होऊन पकड सोडतो. नाहीच सोडली तर भोवतालचा अस्तराचा तुकडा त्याच्यासकट कापून घ्यायचा. त्यानंतर अस्तर काचेच्या पट्टीने हलकेच खरवडून उंच ग्लासात पाण्याबरोबर ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा ढवळायचं. पाणी नितळ होईपर्यंत हे चालतं. मग तो गाळ काळ्या कागदावर ठेवलेल्या बशीत थोडा थोडा घेऊन भिंगाखाली बघायचा. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे कितीतरी पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटरचे असतात. नुसत्या डोळ्यांना ते श्लेष्माचे कण वाटतात. ‘आतडं स्वच्छ होतं’ असं लिहिलेल्या अहवालांपैकी किती आतडी खरोखर स्वच्छ होती, याबद्दल मला दाट शंका आहे.

या शेकाट्यात दोन्ही प्रकार निघाले. एक जाड, आखूड, रुंद खंडांचा, सहज दिसणारा. (पट्टकृमीची फीत एकामागे एक जोडलेल्या खंडांची असते, आणि प्रत्येक खंडात नर-मादी दोघांचे अवयव असतात.) आणि दुसरे गाळातून मिळालेले बारीक धागे. जिवंत कृमी साध्या पाण्यात ठेवले की त्यांचं आकुंचन थांबतं, ते सैल होतात. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. एक तुकडा शुद्ध अल्कोहोलच्या वेगळ्या कुपीत, डीएनएसाठी. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा डीएनए पुढे फारसा उपयोगाचा राहत नाही, म्हणून मी फॉर्मॅलिनची बाटली त्या टेबलावर येऊच देत नाही.

आता डोकं. पक्ष्यांमधल्या बहुतेक पट्टकृमींच्या डोक्यावर चार चूषक, म्हणजे चिकटून राहण्याच्या वाट्या असतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना मधोमध एक आत-बाहेर होणारी सोंड असते. सोंडेवर आकड्यांचं कडं. प्रत्येक आकड्याला मूठ असते, पातं असतं आणि त्या दोघांच्या मध्ये आधाराचा एक उंचवटा असतो. या तिन्हींची लांबी, त्यांच्यातला कोन, आकड्यांची संख्या आणि ओळी एक की दोन, एवढ्यावर पुष्कळसं ठरतं. डोकं कापून बर्लेसच्या द्रावणाच्या थेंबात ठेवायचं, वर काच ठेवून अंगठ्याने बेताने दाबायचं. बाभळीच्या जातीतल्या झाडाचा डिंक, क्लोरल हायड्रेट, ग्लिसरीन आणि ॲसेटिक आम्ल यांचं हे मिश्रण मऊ भाग पारदर्शक करून टाकतं आणि आकडे तेवढे स्वच्छ दिसायला लागतात. दाब कमी पडला तर आकडे एकमेकांवर चढलेले दिसतात, जास्त झाला तर मोडतात. हे पुस्तकात वाचून येत नाही.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या बाबतीत पहिली चाळणी साधारण अशी लागते. आकड्यांची एकच ओळ, बहुधा दहा आकडे, आणि खंडात मोजकी वृषणं, सहसा तीन, असं दिसलं की मी हायमेनोलेपिडिडी कुळाकडे वळते. दोन ओळी आणि वृषणं पुष्कळ असतील तर डायलेपिडिडीकडे. हातोडीच्या आकाराचे असंख्य चिमुकले आकडे असतील तर डॅव्हेनिडी. कोंबड्यांमध्ये नेहमी सापडणारा रायलिएटिना याच कुळातला, त्यामुळे पशुवैद्यांच्या तो ओळखीचा असतो. पण ही झाली ढोबळ वाट. खलील, जोन्स आणि ब्रे यांनी १९९४ साली संपादित केलेली जगभरच्या पट्टकृमींची किल्ली, म्हणजे लक्षणं ताडत नावापर्यंत नेणारं पुस्तक, उघडल्यावर कळतं की प्रत्येक वाटेला किती फाटे आहेत.

बारीक धाग्यांना दहा आकडे होते. ते हायमेनोलेपिडिडी. त्यांचं पुढचं काम अजून चालू आहे, त्यामुळे त्यांचं नाव आज सांगणार नाही.

जाड कृमीने मात्र मला अक्षरशः खुर्चीला खिळवून ठेवलं.

शरीराचे खंड बघायचे तर रंग द्यावा लागतो. आम्ही कारमाईन वापरतो. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळणारा हा लाल रंग. कृमी आधी पूर्ण लाल होऊ द्यायचा आणि मग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये तो रंग हळूहळू उतरवायचा. आजूबाजूचा मांसल भाग फिका पडत जातो आणि वृषणं, अंडाशय, पीतक ग्रंथी गडद राहतात. थांबायचं कधी हे डोळ्यांनी ठरवायचं, घड्याळाने नाही. मग चढत्या टक्केवारीच्या अल्कोहोलमधून सगळं पाणी काढून टाकायचं आणि शेवटी लवंगेचं तेल. त्या तेलात पडल्याबरोबर अपारदर्शक फीत काचेसारखी नितळ होत जाते. त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर लवंगेचा वास असतो, आणि कोणीतरी दारातून डोकावून मसालेभाताची चौकशी करून जातं.

सूक्ष्मदर्शकाखाली तो नितळ झालेला खंड आला, आणि त्यात नराचे अवयव दोनदा होते. डावीकडे एक संच, उजवीकडे एक. दोन्ही बाजूंना सिरस म्हणजे नराचं जननेंद्रिय, जाडजूड, दणकट काट्यांनी भरलेलं. मादीचे अवयव मात्र मधोमध एकच संच. आणि योनिमार्गाचं बाहेरचं तोंड कुठेच नाही. पुढचा खंड बघितला, तोच प्रकार. त्याच्या पुढचाही तसाच.

हा डिप्लोफॅलस. शेकाटे आणि त्यांचे वर वळलेल्या चोचीचे भाऊबंद ॲव्होसेट, या पक्ष्यांचाच म्हणावा असा पट्टकृमी. कुळ अकोलिडी. या कुळात योनिमार्गाला बाहेर उघडणारं तोंड नसतं, म्हणून काटेरी सिरस सरळ शरीराची भिंत भेदून आत शिरतो आणि शुक्रजंतू तिथे सोडले जातात. याच कुळातला दुसरा कृमी अकोलियस व्हॅजिनेटस, तोही शेकाट्यातच राहतो, पण त्याच्या प्रत्येक खंडात नराचा संच एकच असतो. म्हणजे एकाच पक्ष्याच्या आतड्यात राहणारे, बाहेरून जवळजवळ सारखे दिसणारे दोन जाड कृमी, आणि रंग दिल्याशिवाय त्यांच्यातला फरक दिसत नाही. ‘पट्टकृमी आढळले’ या वाक्यात हे दोघंही गाडले जातात, म्हणून मी चिडते.

आकड्यांची मापं आणि सिरसवरचे काटे जुन्या वर्णनांशी ताडून बघितले आणि डिप्लोफॅलस पॉलिमॉर्फस हे नाव पक्कं केलं. या जातीचं मूळ वर्णन बर्लिनच्या कार्ल रुडॉल्फीचं, १८१९ सालचं. अकोलियस व्हॅजिनेटसचंही त्याचंच, त्याच वर्षीचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या ओटो फुरमानने या कृमींसाठी स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचे गट) केल्या. फुरमानने आयुष्यभर पक्ष्यांचे पट्टकृमी गोळा केले आणि त्यातून एक विचार मांडला, की पक्ष्यांच्या प्रत्येक गणाचे, म्हणजे मोठ्या गटाचे, पट्टकृमी त्याचे स्वतःचे असतात. त्याला अपवाद आहेत, पण टेबलावर बसून काम करताना हा विचार रोज उपयोगी पडतो. शेकाट्यातला कृमी ओळखताना बदकांच्या आणि कोंबड्यांच्या जातींची पानं मी निर्धास्तपणे मागे ठेवते. ‘आमच्या कोंबड्यांना हे लागेल का’ असं मिठागराशेजारचे लोक विचारतात, त्यांनाही याच आधारावर सांगते की तुमच्या कोंबड्यांना पट्टकृमी होतात ते तुमच्याच अंगणातल्या मुंग्या आणि भुंगेरे खाऊन, शेकाट्याचा त्यात काही दोष नाही.

आपल्याकडचं काम करताना साउथवेलचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला पट्टकृमींवरचा दोन खंडांचा ग्रंथ अजूनही हाताशी लागतो. तो १९३० चा. त्यातली बरीच नावं आता बदलली आहेत, पण भारतात कुठल्या पक्ष्यात काय सापडलं होतं हे बघायला दुसरी सोय फार कमी आहे.

आता आकड्यांबद्दलची माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. पट्टकृमी पक्ष्यातून पक्ष्यात थेट जात नाही. विष्ठेतून पडलेलं अंडं एखादा कवचधारी जीव, किडा किंवा गांडुळाच्या जातीतला प्राणी गिळतो. त्याच्या शरीरात अळी वाढते आणि तिच्या डोक्यावर आकडे तयार होतात. ते आकडे तिथेच पूर्ण आकाराचे होतात, पक्ष्याच्या पोटात गेल्यावर वाढत नाहीत. म्हणजे पक्ष्यातल्या कृमीचे आकडे नीट मोजून, काढून ठेवले असतील, तर चिखलातल्या एखाद्या कोळंबीसारख्या जिवात सापडलेल्या अळीचं नाव सांगता येतं. पक्षी समोर नसला तरी.

स्पेनच्या दक्षिणेला वेल्वा शहराजवळ ओदिएलच्या दलदली आहेत, तिथे मिठागरं आहेत. तिथल्या आर्टेमिया या मिठागरातल्या इवल्या जिवांवर स्पॅनिश आणि बल्गेरियन संशोधकांनी नेमकं हे काम केलं. आर्टेमियात मिळालेल्या अळ्यांचे आकडे मोजून त्यांनी सांगितलं, की ही रोहित पक्ष्याच्या फ्लेमिंगोलेपिस लिग्युलॉइडिसची अळी, ही ॲव्होसेटच्या युरीसेस्टस ॲव्होसेटीची, ही पाणडुबीच्या कृमीची, ही कुरवाच्या. एका चिमटीत मावणाऱ्या जिवांमध्ये त्या मिठागरावर कोण कोण पक्षी जेवायला येतात त्याची यादी होती. रोहिताच्या कृमीची बाधा झालेला आर्टेमिया लालभडक होतो, त्याचं प्रजनन थांबतं आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळ जास्त वेळ घालवतो. तिथेच पक्ष्याची चोच पोहोचते. आर्टेमिया आपल्याकडच्या मिठागरांतही आहे, रोहितही आहेत, ॲव्होसेटही येतात. इथे हे काम बारकाईने व्हावं असं मला फार मनापासून वाटतं, आणि मिठागरं बुजवली जाण्याआधी व्हावं असं वाटतं.

पाणलाव्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यात अप्लोपॅराक्सिस नावाचे कृमी असतात. आकडे दहा, पण वृषण एकच, त्यामुळे प्रजात ओळखणं सोपं. जात ओळखणं मात्र महाकठीण, कारण जाती पुष्कळ आणि फरक आकड्याच्या वळणातले. देब्लॉक आणि राउश यांनी १९६८ साली एकट्या अलास्कातल्या किनारी पक्ष्यांमधून यांच्या दहा जातींवर लिहिलं होतं. या कृमींच्या अळ्या गांडुळांच्या गटातल्या जिवांमध्ये वाढतात. पाणलावा लांब चोच चिखलात खुपसून काय शोधतो ते आठवलं की साखळी लगेच लक्षात येते. हिवाळ्यात आपल्या भातखाचरांत उतरणारे पाणलावे उत्तरेकडून येतात, आणि असा एखादा पाणलावा टेबलावर आला की माझी पहिली नजर वृषणांच्या संख्येकडे जाते.

या सगळ्यावर एक प्रश्न हमखास येतो. मग तो शेकाट्या कृमींमुळे मेला का? नाही. त्याच्या छातीचं हाड मोडलेलं होतं आणि आत रक्त साचलं होतं, तो तारेला धडकून मेला. धडधाकट रानपक्ष्यांच्या पोटातही पट्टकृमी असतात आणि त्यांच्यासह ते हजारो किलोमीटर उडतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पाणपक्षी मेले, त्यांत शेकाटेही होते. कारण होतं बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूचं विष. पोटात कृमी दिसला की तोच गुन्हेगार ठरवून तपास थांबवणं हा पक्ष्यावरही अन्याय आणि कृमीवरही. कृमीवर म्हटलेलं काहींना विचित्र वाटेल, पण मी ते विचार करून म्हणते आहे. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात वर्णन झालेला एक प्राणी आपल्या मिठागरात, आपल्या शेकाट्यात, काट्यानिशी शाबूत राहतो आहे. तो इथल्या जीवसृष्टीचा भाग आहे. शेकाटे गेले तर तोही जाईल.

अलीकडे तरुण सहकारी म्हणतात, कशाला एवढा खटाटोप, डीएनए पाठवून द्या, उत्तर येईल. उत्तर येतं, पण कशाशी जुळवून? रानपक्ष्यांच्या पट्टकृमींचे क्रम नोंदवलेलेच इतके कमी आहेत की पुष्कळदा ‘जवळचा कोणीतरी हायमेनोलेपिडिडी’ इथपर्यंतच गाडी जाते. ज्या कृमीचं डोकं काचेवर आहे, खंड रंगवलेले आहेत, आकड्यांचं चित्र काढलेलं आहे, त्याचाच तुकडा डीएनएला दिला तर तो क्रम पुढच्या माणसाच्या उपयोगाचा. दोन्ही कामं एकाच कृमीवर व्हायला हवीत. आणि काचा प्रयोगशाळेच्या खणात पडून राहू नयेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, असे नमुने नोंदवून संग्रहात ठेवण्याची जागा ती आहे. आकड्यांची चित्रं मी अजूनही कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर दाखवणारं उपकरण, लावून हाताने काढते. फोटोत एका वेळी एकाच पातळीवरचं स्पष्ट दिसतं. आकडा वळलेला असतो, तो काढताना सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू वर-खाली करत सगळी वळणं कागदावर उतरवता येतात.

उपचार केंद्रांत आणि वनविभागात काम करणाऱ्या ज्या मुला-मुलींनी हे इथपर्यंत वाचलं असेल, त्यांना माझी एक मागणी आहे. मेलेला किनारी पक्षी उघड्या हातांनी उचलू नका, बर्ड फ्लूची शक्यता नेहमी धरायची. हातमोजे, मास्क, दुहेरी पिशवी. परवानगीची प्रक्रिया लगेच सुरू करा आणि तोपर्यंत पक्षी बर्फात ठेवा. एक-दोन दिवस लागणारच असतील, तर तुमच्या पशुवैद्याकडून परवानगीनिशी आतडं वेगळं काढून, उभं उघडून, ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून घ्या. अल्कोहोल आतड्याच्या कित्येक पट हवं, नाहीतर आतलं कुजतं. कुपीवर बाहेरून चिकटपट्टी लावू नका, ती निघून जाते. जाड कागदाची चिठ्ठी आत टाका. त्यावर पक्ष्याची जात, सापडल्याची जागा, तारीख आणि मृत्यूनंतर किती तासांनी आतडं उघडलं ते लिहा, आणि पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.